पडल्याचा आवाज

सशाची जोड यशस्वी झाली की नाही हे ओळखायचं कसं, हे मला एका माणसाने सलग तीन वर्षं शिकवलं. तरी आज कुणी मला गच्चीवर उभं करून विचारलं, की सांगा बाई, ही मादी फळली का, तर मी आधी मादीकडे बघेन, मग नराकडे बघेन आणि शेवटी 'बहुतेक' म्हणेन. हा शब्द त्या माणसाला अजिबात चालत नसे. "बहुतेकला आपल्याकडे रकाना नाही," असं ते म्हणत, आणि खरंच नव्हता. त्यांच्या रजिस्टरात दोनच रकाने होते, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा.

ते माझे घरमालक. झाशीत प्रेम नगरला त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर मी एकटी आणि माझ्या डोक्यावर गच्चीत अकरा-बारा ससे. मी मूळची सांगलीची. इथल्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी मिळाली म्हणून आले. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. घरी मराठी बोलता ना, आणि चष्मा लागलाय का? पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही म्हटलं, तर त्यांनी लगेच किल्ली काढून हातात दिली. नोकरी कुठली, लग्न झालंय का, मांसमच्छी करता का, यातलं काहीच नाही. चष्म्याचा आणि भाड्याच्या खोलीचा काय संबंध, याचा विचार मी पुढे आठवडाभर करत होते.

मी त्यांना काकाजी म्हणत असे. इथे सगळे सगळ्यांना 'जी' लावतात, ते मलाही लागलं. ते मला बाई म्हणत आणि 'आपण' म्हणून बोलत. त्यांचे मूळ पुरुष फार पूर्वी कुणाचं तरी दप्तर सांभाळायला दक्षिणेतून इकडे आले आणि तेव्हापासून घराणं दप्तरच सांभाळत बसलं. त्यांची स्वतःची सगळी नोकरी रजिस्ट्री कचेरीत गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, लग्नाच्या नोंदी. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी कचेरी अंगातून उतरली नव्हती. स्वतःच्या घराचं दार उघडण्याआधी ते टकटक करत. चष्म्याला चाळिशी म्हणत आणि पेनाला लेखणी. दूधवाल्याने दूध घातलं की 'प्राप्त झालं' म्हणत, आणि दूधवाला भैया 'जी बाबूजी, प्राप्त' असं उत्तर देऊन सायकलवर बसे.

ससे कुठून आले ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. त्यांनी आयुष्यात कुणाकडून पेढासुद्धा घेतला नाही, हा त्यांचा अभिमान. नोकरी संपायला थोडे महिने उरलेले असताना कुणी एक खेडूत आपलं काम झाल्याच्या आनंदात टेबलाखाली झाकलेली टोपली ठेवून निघून गेला. टोपली हलायला लागली तेव्हा ती सशांची जोडी असल्याचं कळलं. भेट घ्यायची नाही आणि जिवंत प्राणी कचेरीच्या कपाटातही ठेवता येत नाही. मग ती जोडी त्यांनी 'अमानत' म्हणून घरी आणली. माणूस सापडला की परत करायची. माणूस शोधेपर्यंत दोनाचे नऊ झाले. आता परत काय करायचं, दोन की नऊ, हा पेच त्यांना पडला आणि तो त्यांनी कधी सोडवलाच नाही. तो माणूस आजही येईल आणि हिशोब मागेल, अशा तयारीने ते प्रत्येक जोडीची आणि प्रत्येक वेताची नोंद ठेवत. कुणाला पिल्लू हवं असलं तर ते फुकट देत, पण त्या माणसाकडून सुपुर्दनाम्यावर सही घेत, म्हणजे हा ससा मी सांभाळण्यासाठी ताब्यात घेतला, माझ्या मालकीचा नाही, असा कागद. शेजारच्या नगरा वस्तीत आणि प्रेम नगरात मिळून अशी पन्नासेक घरं असतील, जिथे कपाटात मुलांच्या जन्मदाखल्यांबरोबर सशाचा सुपुर्दनामा आहे.

चष्म्याचा निम्मा उलगडा मला राहायला आल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी झाला. संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली. "बाई, जरा गच्चीवर येऊन जाता का? साक्षीदार हवा."

मी घाबरून वर गेले. मला वाटलं भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण झालंय. तर ते हातात रजिस्टर घेऊन उभे होते आणि म्हणाले, आज जोड लावायची आहे, आपण फक्त नीट बघायचं. त्यांनी मादीला कुशीत घेतलं, नराच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "पक्षकार क्रमांक एक हजर. पक्षकार क्रमांक दोन हजर. साक्षीदार हजर."

मी सव्वीस वर्षांची मुलगी, ते सत्तरीच्या पुढचे. कुणीतरी जिना चढून आलं तर काय म्हणेल, या विचाराने माझ्या कानशिलांना घाम फुटला होता. त्यांच्या मनात मात्र तसं काही नव्हतं. ही कचेरी होती आणि कचेरीत काम चालू होतं. त्यांनी मला नियम सांगितले. मादी नराकडे न्यायची, नर मादीकडे नाही. तिच्या पिंजऱ्यात नेला तर ती आपलं घर राखायला लागते आणि त्याला बोचकारून काढते. मादीने मागचा भाग उचलला तर ती राजी आहे, कोपऱ्यात दबून बसली तर नाही. नर वर चढला म्हणजे काम झालं असं मुळीच समजायचं नाही, तो दहादा चढतो, कधी तर तोंडाच्या बाजूने चढतो. काम झालं की नर एकदम ताठ होतो, बारीकसा कण्हतो आणि एका बाजूला धाडकन पडतो. मेल्यासारखा. मग उठून मागचे पाय आपटतो. पडला तर 'हो', नाही पडला तर 'नाही'.

एवढं सांगून ते पाठ फिरवून, नगऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. डोळेसुद्धा मिटले. मला ते बरं वाटलं. बाईमाणसासमोर म्हणून संकोचले असतील, असं मी धरून चालले. मी विचारलं तर म्हणाले, "पक्षकारांची लाज राखावी."

पिंजऱ्याचा तळ म्हणजे तेलाचा डबा कापून सपाट केलेला पत्रा होता. इतर पिंजऱ्यांत लाकडी फळ्या, फक्त नराच्या पिंजऱ्यात पत्रा. तो धुवायला सोपा जात असेल असं मला वाटलं. आज लिहिताना माझी मलाच गंमत वाटते. सगळं समोर होतं आणि प्रत्येक गोष्टीचं मी काहीतरी भलतंच कारण शोधून ठेवलेलं होतं.

त्या दिवशी नर पडला. मी 'पडला' म्हणाले. ते म्हणाले, "पक्का?" मी म्हणाले, पक्का. मग रजिस्टरात माझी सही. तासाभराने त्याच जोडीला त्यांनी पुन्हा एकत्र आणलं, कारण दुसऱ्यांदा लावली की पिल्लं जास्त होतात आणि पहिल्यात काही राहून गेलं असेल तर भरून निघतं. पुन्हा माझी सही. पुढच्या तीन वर्षांत मी अशा किती सह्या केल्या देव जाणे. कारखान्यात दिवसभर लोखंडाची तपासणी करून सही करायची आणि घरी येऊन सशांची. आई फोनवर विचारायची, संध्याकाळी काय करतेस ग? मी सांगायची, फिरायला जाते.

त्यांची नजर गेलेली आहे हे मला फार उशिरा कळलं. काचबिंदू होता. डावा डोळा केव्हाच संपला होता, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसे. चहा ओतताना ते कपाकडे कान करून ओतत. मला वाटायचं ही त्यांची एक लकब. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले कप भरत आला की आवाज बदलतो, सगळ्यांच्याच कपाचा बदलतो, पण सगळे बघत बसतात म्हणून त्यांना कळत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून चष्म्याचा प्रश्न, म्हणून साक्षीदार. त्यांना माझे डोळे हवे होते. हे समजल्यावर मला राग यायला हवा होता, पण उलटच झालं. प्रेम नगरात एवढी माणसं असताना कुणाला तरी माझ्या डोळ्यांची गरज आहे, याचं मला बरं वाटलं. दिवसभर हिंदीत बोलून जीभ दमलेली असायची, आणि संध्याकाळी गच्चीवर कुणीतरी 'बसा ना बाई, बरसीम निवडू' म्हणायचं. बरुआसागरहून येणारा भाजीवाला ससे खातात म्हणून बरसीमच्या, म्हणजे हिरव्या घासाच्या, चार जुड्या रोज टाकून जायचा. त्यातले सडके देठ काढत आम्ही बसायचो. एवढ्यासाठी मी बढतीवरची बदली एकदा नाकारलीसुद्धा, आणि साहेबांना घरचं कारण सांगितलं.

नजरेची गोष्ट मुलापासून लपवलेली होती. मुलगा नोएडाला, अकराव्या मजल्यावर. मराठी सगळं समजायचं त्याला, बोलायचा मात्र हिंदीत. गेल्या होळीला तो आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं. काकाजी भाजी आणायला निघाले आणि फाटकासमोर उभ्या असलेल्या ई-रिक्षावर सरळ जाऊन आदळले. ओठ फुटला. मुलाने रक्त पुसलं आणि तिथेच ओसरीवर बसून म्हणाला, "बाबा, अब चलिए हमारे साथ। यहाँ कौन है आपका?"

"ससे आहेत," ते म्हणाले. "वर बाई आहेत."

दोन दिवस बाप-लेकांचं चाललं होतं. मुलगा भला आहे, त्याने आवाज चढवला नाही, पण हटलाही नाही. शेवटी काकाजींनी फूलस्केप कागद मागवला आणि मला बोलावलं. कागदावर असं ठरलं: ते एका मादीची जोड लावतील आणि तारीख सांगतील. त्या तारखेला ती व्याली, तर ते आपलं आपण सगळं बघू शकतात हे सिद्ध झालं आणि ते झाशीतच राहतील. नाही व्याली, तर निमूटपणे मुलाबरोबर जातील. मुलगा कंटाळून हसला. म्हणाला, ठीक आहे, पण मग दसऱ्यानंतर लावा, आता गरमी सुरू होईल. लहानपणापासून त्याने ऐकलेलं होतं, उन्हाळ्यात नर निकामा होतो. होळीनंतर जोड नाही, दसऱ्यापर्यंत नाही, हा नियम तर मीही पाठ केला होता.

"नाही," काकाजी म्हणाले. "आत्ताच. या वर्षी ऊन उशिरा आहे."

ऊन उशिरा नव्हतं. माझ्या खोलीतला पंखा तेव्हाच गरम वारा फेकत होता. पण म्हाताऱ्या माणसाची ईर्ष्या म्हणून मी गप्प बसले आणि साक्षीदार म्हणून कागदावर सही केली.

रंगपंचमी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी जोड लावली. नेहमीची करडी मादी, सगळ्यांत भरवशाची. पक्षकार एक हजर, पक्षकार दोन हजर, साक्षीदार हजर. काकाजी पाठ फिरवून उभे राहिले. मी पिंजऱ्यासमोर बसले, आणि नेमका फोन थरथरला. आईने एका स्थळाचा फोटो पाठवला होता. मुलगा समुद्रासमोर गॉगल घालून उभा, चेहऱ्याचं नाकच तेवढं दिसतंय. मी तो फोटो मोठा करून बघितला. पाच सेकंद बघितला असेल, फार तर दहा. वर मान केली तेव्हा नर एका बाजूला पाय चाटत बसला होता आणि मादी दुसऱ्या बाजूला.

"पडला?" काकाजींनी विचारलं.

आता सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? ज्या बाईने कारखान्यात काटा स्वतः बघितल्याशिवाय सही केली नाही म्हणून दोनदा भांडणं ओढवून घेतली, तिने काय म्हणायला हवं होतं? मला वाटलं, पडलाच असणार. नेहमी पडतो. शिवाय 'फोटो बघत होते' असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, त्यांचं घर या एका पडण्यावर टांगलेलं असताना?

"हो," मी म्हणाले.

ते जरा वेळ तसेच उभे राहिले. "पक्का?"

"पक्का, काकाजी."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं आणि मी सही केली. तासाभराने मी पुन्हा वर जायला निघाले, तर ते म्हणाले, आज दुसऱ्यांदा नको, आज एकदा पुरे. मला हायसं वाटलं.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यांत गोंधळाचा. मी दिवसातून चारदा मादीकडे बघायला जाई आणि दर वेळी वेगळं मत घेऊन उतरे. पाचव्या दिवशी तिला नराजवळ नेलं तर ती गुरगुरली. फळलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही, म्हणजे चांगलं लक्षण. पण ती त्या दिवशी माझ्यावरही गुरगुरली, आणि पाण्याच्या वाटीवरही. तेराव्या दिवशी पोट तपासायचं. काकाजींनी तिचा मानेवरचा सैल भाग धरला, दुसरा हात पोटाखाली घातला आणि बराच वेळ बोटं हलवत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाले, आपण बघा. आत फालशाच्या फळाएवढे गोळे मण्यांसारखे ओळीने लागले, मऊ लागले, तर पिल्लं. कडक लागले तर त्या लेंड्या.

मी हात घातला. गोळे लागले. मऊ होते का? होते. कडक होते का? तेही होते. मादीचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं आणि त्यापुढे मला दुसरं काही समजत नव्हतं.

"आहेत," मी म्हणाले.

"आपण म्हणता तर असतील," काकाजी म्हणाले.

सतराव्या दिवशी सकाळी वरून काहीतरी पांढरं उडत माझ्या खिडकीत आलं. मादीने छातीचे केस उपटून पिंजऱ्याचा कोपरा भरून टाकला होता. व्यायच्या आधी मादी अशीच घरटं करते. मी नाचायचीच बाकी होते. काकाजींना ओरडून सांगितलं, त्यांनी केस हातात घेऊन चुरडले आणि म्हणाले, अजून चौदा दिवस आहेत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर शोधलं. नर वर चढला पण काम झालं नाही, तर मादीला आपण गाभण आहोत असं उगीचच वाटतं आणि ती सतराव्या-अठराव्या दिवशी केस उपटते. खोटी गाभण. डबा तसाच परत आणला मी.

हे काकाजींना माहीत नसेल? वीस वर्षं ससे सांभाळलेल्या माणसाला? मला कळेना. माहीत असेल तर बोलत का नाहीत? आणि नसेल, तर मी सांगायचं का? सांगितलं तर ते कोसळणार, नाही सांगितलं तर चौदा दिवसांनी कोसळणार. या चौदा दिवसांत मी एकदा बरुआसागरची बस पकडून भाजीवाल्याच्या ओळखीच्या एका ससेवाल्याकडेही जाऊन आले. नुकतीच जन्मलेली चार पिल्लं मिळाली तर गुपचूप घरट्यात ठेवावीत, असा माझा बेत होता. त्याच्याकडे ससे नव्हतेच, कबुतरं होती. परत येताना तळ्याकाठी बस थांबली तेव्हा मला माझंच हसू आलं आणि मग रडू आलं.

एकोणतिसाव्या दिवशी मी कबूल करायचं ठरवलं. ते ओसरीवर बरसीम निवडत बसले होते. मी म्हणाले, काकाजी, त्या दिवशी जोडीच्या वेळी मी... त्यांनी हात वर केला.

"साक्षीदाराने सही केल्यावर साक्ष फिरवायची नसते, बाई."

मीही समोर बसून देठ मोडू लागले.

एकतिसाव्या दिवशी सकाळी नोएडाहून आलेला मुलगा, मी आणि काकाजी गच्चीवर गेलो. मादी खात होती. लाकडी पेटीत ठेवलेला पेंढा जसाच्या तसा होता. मुलाने पेटीत हात घालून बघितलं आणि पेंढा पुन्हा सारखा केला. जिंकल्याचं त्याच्या तोंडावर अजिबात नव्हतं. काकाजींनी स्वतः रजिस्टरात 'नाही' लिहिलं, अंदाजाने, त्यामुळे ते ओळीच्या वर गेलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. एका गॉगलवाल्यापायी मी एका माणसाचं घर घालवलं.

निघायच्या दिवशी मुलगा गाडीत सामान भरत होता. काकाजींनी मला खाली बोलावलं. ससे माझ्या ताब्यात द्यायचे होते. सुपुर्दनामा त्यांनी आदल्या दिवशी दूधवाल्याकडून लिहवून घेतला होता, म्हणजे सगळा हिंदीत. मी तो वाचला. दोनदा वाचला. ससे बारा, नर एक, माद्या अकरा, एक पत्रा. मग सही केली.

"आता वाचून सही केलीत," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून?

"वाचून, बघून सही करणारा माणूस आधी थांबतो. चाळीस वर्षं मी साक्षीदारच ऐकले. त्या दिवशी आपण थांबला नाहीत. लेखणी घेतली की सरळ धावली." मग म्हणाले, "आणि नर पडला की पत्रा वाजतो. त्या दिवशी वाजला नव्हता."

म्हणजे ते पाठ फिरवून लाजत नव्हते, ऐकत होते. माझे डोळे त्यांना लागतच नव्हते. मग मी तीन वर्षं तिथे काय करत होते? हे विचारायचं सोडून मी भलतंच विचारलं. मग पुन्हा का नाही लावलीत जोड? तासाभराने? दुसऱ्या दिवशी? दसऱ्यानंतर?

त्यांनी मुलाकडे तोंड केलं. तो गाडीमागे होता, त्याला ऐकू गेलं नसतं.

"गॅस दोनदा उघडा राहिला होता, बाई," ते हळूच म्हणाले. "वर आपण होतात. मला घेऊन चल, असं मुलाला म्हणता येत नाही हो. हरून जाता येतं."

गाडी गेली. मी फाटकात उभीच. मला वाटलं होतं की हे कळल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं चढलं. मी बघितलं असतं आणि 'नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? नियम म्हणून पुन्हा लावली असती? की तेव्हाही हरायची काही तरी वाट काढली असती? माझी खोटी सही त्यांना नडली की उपयोगी पडली? यावर मी बसमध्ये, कारखान्यात, स्वयंपाक करताना विचार केला आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं. त्यांची आठवण मात्र रोज येते, त्यात गोंधळ नाही. संध्याकाळी बरसीमची जुडी सोडली की जास्तच.

दसऱ्याला मी पहिली जोड लावली. तीच करडी मादी. बोलायला कुणी नव्हतं तरी मी पक्षकार हजर असल्याचं मोठ्याने म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, पाठ फिरवून नगऱ्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. खाली कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. आणि मध्येच पत्रा वाजला. नर पडला असेल, किंवा पाय आपटला असेल, किंवा नुसताच उडी मारून बसला असेल. मी वळले तोवर दोघंही आपापल्या कोपऱ्यात.

नोएडाला फोन लावला. सुनेने त्यांच्या हातात दिला.

"काकाजी, पडला," मी म्हणाले. "म्हणजे बहुतेक."

"बहुतेकला रकाना नाही, बाई."

"मी बघितलं नाही. ऐकलं."

ते हसले. मग त्यांनी भाजीवाल्याची चौकशी केली, पत्रा गंजला तर नाही ना ते विचारलं. अकराव्या मजल्यावर कबुतरं येतात, ती पडत नाहीत, नुसती उडून जातात, असं काहीतरी सांगितलं. बोलणं संपत आलं तसं मी विचारलं, तिकडे करमतं का हो तुम्हाला?

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

"बहुतेक," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी रजिस्टर घेतलं. पट्टी शोधली, आणि 'हो' आणि 'नाही'च्या शेजारी एक तिसरी उभी रेघ ओढली.